ट्रान्सफर केस वाजतेय म्हणे? खोलायच्या आधी हे करून बघा

सेकंडहँड फोर बाय फोर घेतली की पहिल्या पंधरा-वीस दिवसात हे होतंच. गाडी चाळीस-पन्नासच्या पुढे गेली की खालून कुठूनतरी ऊंऽऽ असा आवाज यायला लागतो, शेजारी बसलेलं माणूस विचारतं हे असंच असतं का, आपण म्हणतो हो जीपमध्ये असतंच, आणि रात्री झोप लागत नाही. मग गॅरेज. तिथला माणूस एक चक्कर मारून येतो आणि गाडीतून उतरायच्या आधीच सांगतो, "साहेब, ट्रान्सफर गेली."

माझ्या जिप्सीचं हेच झालं. ट्रान्सफर केस खोलली, बेअरिंग बदलली, सील बदलले, पैसे मोजले, आणि पुण्यातला चांदणी चौक ओलांडायच्या आत आवाज परत हजर. खरं कारण काय निघालं ते पुढे येईलच, ते ट्रान्सफरमध्ये नव्हतंच. म्हणून हे नवख्यांसाठी लिहितोय. क्रम खर्चाप्रमाणे लावलाय, फुकटात होणारं आधी, महागातलं शेवटी, आणि प्लीज क्रम मोडू नका.

आधी थोडक्यात ही वस्तू काय आहे ते. गिअरबॉक्समधून आलेली ताकद मागच्या आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टला (चाकांकडे ताकद नेणाऱ्या लांब दांड्यांना) वाटून देणारा डबा म्हणजे ट्रान्सफर केस. काही गाड्यांत ती गिअरबॉक्सच्या मागेच बोल्टने जोडलेली असते, जिप्सीत मात्र ती वेगळी, चेसिसला रबराच्या माउंटिंगवर टांगलेली, आणि मधे एक छोटा शाफ्ट. आत कुठे नुसते गिअर असतात, कुठे चेन असते. आणि जिप्सीवाल्यांनी एक गोष्ट आजच लक्षात घ्या, या गाडीत टू-एच मध्ये (म्हणजे फक्त मागची चाकं ओढत असताना) सुद्धा ताकद ट्रान्सफरच्या गिअरमधूनच फिरून जाते, सरळ आरपार जात नाही, त्यामुळे थोडी शिट्टी ही येणारच. ती एकसारखी असते, वर्षानुवर्षं तेवढीच असते. काळजी कधी करायची? आवाज वाढत चालला, किंवा खरखर-घरघर व्हायला लागला, किंवा कालपर्यंत नव्हता आणि आज आहे, तेव्हा.

पहिली पायरी, आवाज पकडा. गाडीतला सगळा पसारा काढा, जॅक, टॉमी, टूलबॉक्स, मागचा दोर, सगळं. हसू नका, जॅकचं हँडल सीटखाली वाजत होतं आणि माणूस डिफ्रन्शियल खोलायला निघाला होता असं मी डोळ्यांनी बघितलंय. मग सकाळी सहाला खडकवासल्याच्या पुढे पानशेत रोडला किंवा पिरंगुटच्या पुढे जिथे ट्रॅफिक नसेल तिथे जा, सोबत एकजण घ्या, आणि वहीत चारच गोष्टी लिहा. किती स्पीडला येतो. ॲक्सिलरेटर दाबल्यावर येतो की सोडल्यावर. कुठल्या गिअरला येतो की सगळ्या. आणि ट्रान्सफरचा लिव्हर टू-एच मध्ये असताना येतो की फक्त फोर-एच (चारही चाकं, नेहमीच्या वेगाला) फोर-एल (चारही चाकं, हळू पण जास्त ताकद) मध्ये. एवढी चार उत्तरं घेऊन तुम्ही कुठल्याही मेकॅनिककडे गेलात तर अर्धं काम झालेलं असतं, आणि तुम्हाला गुंडाळणं पण जरा अवघड जातं.

यातला सोपा नियम असा की आवाज इंजिनच्या आरपीएमबरोबर चढउतार करत असेल तर बघायचं इंजिन, क्लच, गिअरबॉक्सकडे. गाडीच्या स्पीडबरोबर करत असेल, म्हणजे चौथ्या गिअरला पन्नास असो की पाचव्याला पन्नास असो आवाज तोच, तर गिअरबॉक्सच्या बाहेर पडणाऱ्या बाजूपासून टायरपर्यंत काहीही असू शकतं. हे तपासायला सपाट मोकळ्या रस्त्यावर पन्नासला क्षणभर न्यूट्रल करून इंजिन आयडलला येऊ द्यायचं आणि ऐकायचं. सपाट रस्त्यावर म्हटलंय मी! कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर न्यूट्रलमध्ये गाडी सोडल्याने काय अपघात होतात ते पुण्यात सांगायची गरज नाही. आणि चावी कधीही बंद करायची नाही, स्टिअरिंग लॉक होतं आणि ब्रेकला बूस्टर मिळत नाही.

दुसरी पायरी टायर आणि चाकाची बेअरिंग. मड टेरेन, म्हणजे चिखलासाठीचे खोल खाचांचे टायर टाकलेत? मग निम्मे आवाज तिथलेच. हे टायर डांबरावर गुणगुणतातच, आणि रोटेशन न करता एका बाजूने झिजले की गुणगुण राहत नाही, ती घरघर होते, अगदी बेअरिंगसारखी. मित्राची साध्या टायरची चार चाकं मिळत असतील (साइज आणि बोल्टची मापं तीच बघून) तर एक दिवस लावून बघा. चाकाच्या बेअरिंगसाठी रिकाम्या रस्त्यावर साठला हळूच डावीउजवीकडे नागमोडी चालवा, एका बाजूला वजन गेल्यावर आवाज वाढला आणि दुसऱ्या बाजूला कमी झाला तर ट्रान्सफरला विसरा. मग जॅकवर चाक उचलून वरखाली हलवून बघा, टकटक लागते का, फिरवून बघा, खरखर हाताला जाणवते का.

तिसरी पायरी मला सगळ्यात आवडते कारण ती बसल्या जागी होते. लिव्हरवाल्या गाड्यांत ट्रान्सफरला न्यूट्रल असतो, जुन्या जिप्सीत आहे, २०२० नंतरच्या थारच्या लिव्हरवर पण फोर-एच आणि फोर-एलच्या मधे एन लिहिलेलं आहे. गाडी सपाटीला उभी करा, हँडब्रेक ओढा, चाकांना पुढे-मागे दगड लावा, आणि दगड नक्की लावा कारण ट्रान्सफर न्यूट्रलला असताना गिअरमध्ये टाकलेली गाडी सुद्धा मोकळीच असते, घरंगळते. आता ट्रान्सफर न्यूट्रल, गिअरबॉक्स तिसऱ्या-चौथ्याला, क्लच हळू सोडा. गाडी जागेवर, पण गिअरबॉक्स आणि ट्रान्सफरची इनपुट बाजू फिरतेय. इथे तो आवाज आला तर दोष गिअरबॉक्स किंवा ट्रान्सफरच्या इनपुटकडे. आवाजच नाही तर आउटपुट बेअरिंग, प्रोपेलर, हौसिंग (दोन चाकांमधला डिफ्रन्शियलचा डबा), चाकं यांच्याकडे बघायचं. आता गिअरबॉक्सही न्यूट्रल करून क्लच वरती असताना वाजतंय आणि पॅडल दाबल्यावर गप्प होतंय तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग, आणि उलट, दाबल्यावरच वाजतंय तर क्लचचं रिलीज बेअरिंग. दोन्हींचा ट्रान्सफरशी संबंध नाही.

ज्यांच्या पुढच्या हबला (चाकाच्या मधल्या भागाला) हाताने फिरवायचे लॉक आहेत त्यांच्यासाठी अजून एक सोपी टेस्ट. लिव्हर टू-एच मध्येच ठेवा, हब मोकळे ठेवून एक चक्कर मारा, मग हब लॉक करून तीच चक्कर मारा. लॉक केल्यावर पुढची चाकं पुढचा प्रोपेलर उलटीकडून फिरवायला लागतात, त्यामुळे आवाज फक्त तेव्हाच आला तर पुढचं हौसिंग, पुढचा प्रोपेलर किंवा ट्रान्सफरचं पुढचं आउटपुट, या तिघांपैकी कुणीतरी एक. टू-एच मध्ये असल्यामुळे डांबरावर चालवलं तरी काही बिघडत नाही.

आता खाली जायचं. जॅकवर उचललेल्या गाडीखाली घुसायचं नाही, घोडी (जॅक स्टँड) लावा, नाहीतर शंभर-दोनशे देऊन कुणाच्यातरी रॅम्पवर चढवा. आणि इथे माझी गोष्ट येते.

माझ्या गाडीचा मागच्या प्रोपेलरचा क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा वाकणारा सांधा) एका गॅरेजमध्ये बदलला होता, साधं काम. त्यानंतर पन्नास-साठला फ्लोअर थरथरायचा आणि घुमल्यासारखा आवाज. त्याच गॅरेजने निदान केलं ट्रान्सफर. खोलून बंद केल्यावर पण तेच. शेवटी भोसरीत एका लेथवाल्या काकांकडे दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो, त्यांनी वाकून बघितलं, प्रोपेलरवरचा चिखल हाताने पुसला आणि म्हणाले, "हे बाण बघितलेस का रे?" प्रोपेलर शाफ्ट मधे स्प्लाइनवर, म्हणजे खाचांच्या जोडावर सरकतो (हाच स्लिप जॉइंट), त्याचे दोन तुकडे वेगळे करून परत जोडताना दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे काटे) एका रेषेत यावे लागतात, त्यासाठीच कंपनी बाण मारून देते. क्रॉस बदलणाऱ्या गॅरेजवाल्याने तो जुळवलाच नव्हता, स्प्लाइन चुकवून बसवला होता. काकांनी शाफ्ट उतरवला, बाण जुळवला, परत टाकला, बरोबर वीस मिनिटं. पैसे चहाचे पण घेतले नाहीत. मी ट्रान्सफरच्या बिलाकडे नंतर कितीतरी दिवस बघू शकलो नाही.

तर प्रोपेलर काढण्याआधी दोन्ही तुकड्यांवर आणि फ्लँजवर (टोकाच्या बोल्टच्या चकतीवर) पांढऱ्या पेंटची रेघ मारा, मग कुणीही बसवू दे. क्रॉस तपासायचा तर शाफ्ट एका हाताने आणि योक दुसऱ्या हाताने धरून उलटसुलट पिळा, जराही चाल दिसली तर क्रॉस बदला. गाडी हळू चालताना चिमणीसारखं चीं-चीं-चीं, स्पीडबरोबर वाढणारं, म्हणजे कोरडा पडलेला क्रॉस. निप्पल असेल तर ग्रीस गनने चारही कपांमधून नवं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा, स्लिप जॉइंटचं निप्पल पण विसरू नका. सिग्नलवरून निघताना किंवा ब्रेक सोडताना खालून एकदाच "ठक्" होत असेल तर पहिला संशय याच स्लिप जॉइंटवर, मग फ्लँजचे बोल्ट ढिले आहेत का बघा. लिफ्ट किट टाकून गाडी उंच केलीय? मग प्रोपेलरचा अँगल वाढलाय, थरथर तिथूनच येऊ शकते.

खाली आहातच तर माउंटिंग बघा. जिप्सीचे ट्रान्सफरचे रबर तेलाने फुगतात, फाटतात, मग अख्खी केस खाली बसते, अँगल बिघडतो, गिअर टाकताना धक्का येतो, आणि लिव्हर पूर्ण आत जात नाही म्हणून फोर-एल मधून उडतो. टॉमी घालून हलकंच उचकटून बघा, रबर लोखंडापासून सुटलेलं असेल तर लगेच दिसतं. लिव्हर उडत असेल तर वर केबिनमध्ये पण बघून घ्या, एकाने जाड मॅट टाकली होती, लिव्हर मॅटला अडत होता. गिअरवाल्याने त्याला फोर्क (केसच्या आत गिअर सरकवणारा काटा) बदलायला सांगितला होता!

आता ऑइल. ही पायरी लोक सगळ्यात आधी करतात आणि सगळ्यात चुकीची करतात. नियम एकच, आधी वरचा भरायचा प्लग उघडा, मग खालचा. वरचा गंजून बसलेला असेल आणि तुम्ही खालून सगळं काढून टाकलं असेल तर गाडी तिथेच, ऑइलशिवाय. लेव्हल बघायची तर सपाटीला, वरच्या भोकात करंगळी घाला, तेल भोकाच्या खालच्या काठाला लागलं पाहिजे. कमी असेल तर शिट्टी आणि घरघर दोन्ही येतात, आणि कमी का झालं हे शोधल्याशिवाय भरून मोकळं व्हायचं नाही. बऱ्याचदा कारण वेगळंच असतं. ब्रीदर नावाची एक छोटी नळी वर गेलेली असते, ती चिखलाने बुजते, केस तापली की आत प्रेशर होतं, ते सीलमधून तेल बाहेर ढकलतं, तेल कमी, बेअरिंग कोरडं, आवाज. तुम्ही सील बदलता, महिन्यात परत गळतं. ब्रीदर तोंडाने फुंकून बघा, हवा गेली पाहिजे. गिअरबॉक्सला चिकटून असलेल्या केसमध्ये अजून एक गंमत होते, मधलं सील गेलं की गिअरबॉक्सचं तेल ट्रान्सफरमध्ये उतरतं, एकीकडे जास्त आणि एकीकडे कमी, बाहेर मात्र थेंब नाही. म्हणून दोन्हींची लेव्हल एकाच वेळी बघायची.

काढलेलं तेल पांढऱ्या वाटीत घ्या आणि उन्हात बघा. चुंबकी प्लगवर राखाडी लोण्यासारखी चिकट पेस्ट, चालतं, ती झीज सगळीकडे असते. सोनेरी चमक म्हणजे पितळेचे भाग झिजतायत, सिंक्रो किंवा वॉशर. नखाएवढे तुकडे किंवा पापुद्रे म्हणजे बेअरिंग नाहीतर गिअरचा दात, त्या दिवसापासून गाडी चालवू नका. आणि दुधाच्या कॉफीसारखा रंग म्हणजे पाणी. पुण्यात हे ओढ्यात गाडी घालणाऱ्यांनाच होतं असं नाही हं, नदीपात्रात पार्क केलेली गाडी, वरून खडकवासला धरणाचं पाणी सोडलं, भिडे पूल पाण्याखाली, दुसऱ्या दिवशी गाडी धुतली, सुरू झाली म्हणून खूश, आणि दोन महिन्यांनी बेअरिंग गंजून वाजायला लागतं. पाणी गेलंय असा संशय जरी आला तरी त्याच आठवड्यात तेल काढा, साधं त्याच ग्रेडचं भरून दहा-पंधरा किलोमीटर फिरवा, परत काढा, मग चांगलं भरा. पुढचं-मागचं हौसिंग आणि गिअरबॉक्स पण त्याच वेळी बघा, पाणी फक्त एका डब्यात शिरत नाही.

ग्रेड मॅन्युअलमधूनच घ्या. गिअरवाल्या केसमध्ये साधारण गिअर ऑइल असतं, ८० डब्ल्यू ९० सारखं, पण चेनवाल्या बऱ्याच केसमध्ये एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ लाल तेल असतं. "जाड टाका, आवाज दबतो" म्हणणारा माणूस भेटेलच तुम्हाला, त्याला नमस्कार करून पुढे जा. आणि जुनं तेल गटारात नको, गॅरेजवाल्याच्या ड्रममध्ये ओता.

आता फक्त फोर-एच फोर-एल मध्ये येणारे आवाज. यातला सगळ्यात कॉमन आवाज हा बिघाडच नाही. ताम्हिणीत पाऊस लागला की नवीन थारवाले फोर-एच टाकून मोकळे होतात, मग वळणावर गाडी अडकल्यासारखी होते, टायर कचकच करतात, खालून कण्हल्यासारखा आवाज येतो, आणि परत टू-एच ला टाकायला जावं तर लिव्हर हलत नाही. पार्ट-टाइम फोर बाय फोरमध्ये पुढचा आणि मागचा प्रोपेलर एकमेकांना घट्ट बांधले जातात, वळताना पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, चिखलात चाक घसरून तो फरक निघून जातो, डांबरावर निघत नाही, मग सगळा पीळ ट्रान्सफरमध्ये साठतो. ओलं डांबर सुद्धा डांबरच आहे. लिव्हर अडकला तर जोर लावू नका, दहा-बारा फूट सरळ रिव्हर्स घ्या किंवा एक बाजू मातीत उतरवा, पीळ सुटतो आणि लिव्हर लोण्यासारखा येतो. सरळ रस्त्यावर पण असं होत असेल तर चारही टायर बघा, पुढे नवी जोडी आणि मागे गुळगुळीत असेल तर घेर वेगळा, पीळ भरत राहतो.

शिफ्ट करताना कर्रर्र होतं? फोर-एल ला टाकताना गाडी थांबलेली, क्लच दाबलेला, गिअरबॉक्स न्यूट्रल, हे करताय ना? दात जुळत नसतील तर गाडी चालण्याच्या वेगापेक्षाही हळू घरंगळू द्या आणि मग ठामपणे टाका. चालत्या गाडीत फोर-एल ओढणाऱ्यांसाठी माझ्याकडे सल्ला नाही.

खरा बिघाड ओळखायचा तो असा. चेनवाल्या केसमध्ये फोर-एच मध्ये चढावर जोर लावला की "धाड्" असा दणका, जणू खाली कुणी हातोडा मारला, म्हणजे चेन ताणली जाऊन दात सोडतेय. नुसती सैल असेल तर आधी केसच्या आतून घासल्यासारखं ऐकू येतं. फोर-एच मध्ये एकसारखी घरघर, स्पीडबरोबर वाढणारी, तर पुढचं आउटपुट बेअरिंग. रॅम्पवर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक केसवर आणि मूठ कानाच्या हाडाला लावून जागा पकडता येते, जुने मेकॅनिक असंच करतात, पण वर चाकं फिरत असताना हे काम सवय असलेल्या माणसालाच करू द्या, ओढणी, लांब बाही, गळ्यातली चेन सगळं प्रोपेलरपासून लांब.

इथपर्यंत येऊन बोट ट्रान्सफरवरच टेकलं तर मग खोला, आणि खोलायचीच तर अर्धवट नको. सगळी बेअरिंग, सगळे सील, पॅकिंग एकदमच. चेन असेल तर स्प्रॉकेटचे (चेनच्या दातेरी चाकांचे) दात पण बघा, हुकासारखे वाकले असतील तर नवी चेन पण थोड्या दिवसांची पाहुणी. बेअरिंगच्या रिंगवर नंबर कोरलेला असतो, त्याचा फोटो काढून नाना पेठेत गेलात तर नंबरावर माल मिळतो, पक्कं बिल घ्या, फार स्वस्त मिळतंय तर शंका घ्या. जुन्या शिम (बेअरिंगला लावलेल्या पातळ चकत्या) कुठून निघाल्या ते त्या-त्या जागी पिशवीत घालून ठेवायला सांगा, शाफ्टची चाल त्यांच्यावर ठरते, आणि नव्या बेअरिंगवर जुन्याच शिम डोळे झाकून टाकल्या की बेअरिंग एकतर जॅम नाहीतर सैल. हे माप घेताना तुम्ही तिथे उभे राहा. काढलेले पार्ट मागून घ्या, घरी न्या, बेअरिंग पेट्रोलने धुऊन बोटावर फिरवा, खरखर लागली तर खर्च योग्य होता. माझं तसं फिरवलं होतं मी. रेशमासारखं फिरलं.

बसवून झाल्यावर त्या रात्री गाडीखाली एक स्वच्छ पुठ्ठा सरकवून ठेवा आणि सकाळी डाग कुठे पडलाय ते बघा. साधारण पाचशे किलोमीटर झाले की चुंबकी प्लग काढून पुसा, लेव्हल करंगळीने बघा, प्रोपेलरचे बोल्ट एकदा पान्याने आवळून घ्या. त्यावरचे बाण पण बघा.